अंगावरचं पित्त आणि मास्ट पेशी

‘अंगावर पित्त उठलंय’ म्हटलं की घरात आमसुलं भिजत पडतात. हातापायांवर, पोटावर लाल, खाजऱ्या गांध्या उठतात आणि काही तासांत विरूनही जातात. नावात पित्त असलं तरी यकृतातल्या पित्ताचा इथे काही हात नसतो. हा उद्योग त्वचेतल्या मास्ट पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पेशींचा.

१८७८ साली जर्मनीत लाइपझिगला पॉल एर्लिख या २४ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या पेशींना नाव दिलं. पेशी पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅनिलीन रंगांत त्या वेगळ्याच छटेत उठून दिसत. आत दाणे असे ठासून भरलेले की पेशी खाऊनपिऊन पुष्ट झाली असावी, असं त्याला वाटलं. जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे जनावराला चारून पुष्ट करणं. ते दाणे म्हणजे खाल्लेलं अन्न नव्हे, पेशीने स्वतः तयार करून ठेवलेला दारूगोळा आहे, हे पुढे कळलं.

त्यात हिस्टामिन असतं, रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं, ट्रिप्टेझसारखी विकरं (एन्झाइम) असतात. एखाद्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल, तर त्याच्या मास्ट पेशींवर कोळंबीच्या प्रथिनाला ओळखणारी आयजीई प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आधीच चिकटून बसलेली असतात. ते प्रथिन दोन शेजारच्या प्रतिपिंडांना एकदम धरतं आणि काही मिनिटांतच दाणे बाहेर फेकले जातात. त्यांतल्या हिस्टामिनमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, त्वचा फुगते, खाज सुटते. झाली गांधी तयार!

मग ही पेशी शरीरात ठेवलीच कशाला? २००६ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांना मधमाशीचं आणि सापाचं विष टोचून पाहिलं. मास्ट पेशी नसलेले उंदीर जास्त दगावले; त्या पेशी परत दिल्यावर त्यांना संरक्षण मिळालं. मास्ट पेशींतली विकरं विषाचे तुकडे करत होती. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण एरवी या पेशीचं नाव फक्त आजारांच्याच यादीत येतं.

धोका आहे तो शरीरभरच्या मास्ट पेशींनी एकदम दाणे बाहेर फेकले तर. घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. अ‍ॅलर्जीवरची सेटिरिझिनची गोळी हिस्टामिनला अडवते, पण इथे तेवढ्याने भागत नाही. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, आणि तेही लगेच. गोळीचा गुण येतोय का, हे बघत घरी थांबू नका.