ट्रॉमा परिचारिका आणि उपचारांची गुणवत्ता

गंभीर जखमी रुग्ण कॅज्युअल्टीच्या दारात आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याला योग्य उपचार वेळेत मिळाले का हे मोजणे, जिथे उशीर झाला तिथले कारण शोधणे आणि केलेली दुरुस्ती टिकली का हे पुन्हा तपासणे, असे ट्रॉमा, म्हणजे गंभीर दुखापतीच्या उपचारांची गुणवत्ता वाढवण्याच्या कामाचे स्वरूप आहे. शिकाऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टर काही महिन्यांनी युनिट बदलतात आणि अभ्यासक्रम संपला की निघून जातात. परिसेविका (वॉर्डच्या सिस्टर) आणि अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) त्यांच्या तुलनेत विभागात जास्त काळ राहतात. त्यामुळे एखादी सुधारणा परिचारिकांच्या रोजच्या हातखंड्यात उतरली नाही, तर ती पुढच्या बॅचपर्यंतही टिकत नाही.

मुंबईतील रुग्ण

शहरातील जखमींचा मोठा भार परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही पालिकेची रुग्णालये आणि भायखळ्याचे शासकीय जे. जे. रुग्णालय उचलतात. जोगेश्वरीला पालिकेचे स्वतंत्र ट्रॉमा रुग्णालय आहे. लोकलमधून पडलेले किंवा रूळ ओलांडताना धडक बसलेले प्रवासी, परांचीवरून कोसळलेले बांधकाम मजूर, दुचाकीस्वार आणि रस्ता ओलांडणारे वृद्ध असे रुग्ण इथे वर्षभर येतात. गोपाळकाल्याला थरांवरून पडलेले गोविंदा आणि संक्रांतीच्या सुमारास मांजाने गळा कापलेले रुग्ण येणार हे आधीच ठाऊक असते. त्या दिवसांची ड्युटी यादी लावताना रजा कमी देणे आणि रक्तपेढीला आधी कळवून ठेवणे ही अनुभवी परिसेविकेची जुनी रीत आहे.

राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे. तरीही बरेच जखमी टॅक्सी, रिक्षा किंवा पोलिसांच्या गाडीतून येतात आणि पूर्वसूचना मिळत नाही. जखमीला आणणाऱ्या माणसाला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. मात्र तो निघून जाण्याआधी मार कधी लागला, किती उंचीवरून पडला आणि मध्ये बेशुद्ध झाला होता का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत, कारण पुढे ही उत्तरे दुसऱ्या कोणाकडून मिळत नाहीत. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच स्पष्ट केले आहे. एमएलसीचे (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण) कागद मागाहून होतात.

पहिला तास

तयारी शिफ्टच्या सुरुवातीला होते. सक्शन (घशातले रक्त आणि स्राव ओढणारे यंत्र) चालू करून नळीचे तोंड बोटाने बंद करायचे आणि काटा चढतो का ते पाहायचे. लॅरिंगोस्कोपचा (घशातून श्वासमार्ग पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा लावून बघायचा. राखाडी 16 आणि नारिंगी 14 गेजचे कॅन्युला (शिरेत घालायच्या जाड नळ्या), 28 ते 32 फ्रेंच मापाच्या छातीच्या नळ्या (छातीत साठलेले रक्त आणि हवा बाहेर काढण्यासाठी), कोमट सलाइन आणि कटिबंध (मोडलेली कटीची हाडे आवळून धरणारा पट्टा) हाताशी ठेवायचे. तपासणी-यादीवर सही असते पण सक्शनची बाटली जागेवर नसते, हा नेहमीचा दोष आहे. सही करणारी व्यक्ती आणि यंत्र चालू करून पाहणारी व्यक्ती एकच असावी, एवढा एक नियम केला तरी बराच फरक पडतो.

रुग्ण आत आला की एक परिचारिका श्वासमार्गाकडे, दुसरी शिरा आणि औषधांकडे आणि तिसरी फक्त वेळा टिपायला, अशी वाटणी असावी. मनुष्यबळ कमी पडले की पहिली गच्छंती या तिसरीची होते. मग सगळ्या नोंदी तासाभराने आठवून लिहिल्या जातात आणि त्यांतल्या वेळा पाच-दहाच्या पटीत येतात. अशा नोंदींवर केलेले कोणतेही ऑडिट निरुपयोगी ठरते.

रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला ट्रानेक्झामिक आम्ल हे रक्तस्राव कमी करणारे औषध 1 ग्रॅम 10 मिनिटांत आणि नंतर 1 ग्रॅम 8 तासांत देतात. 2010 च्या क्रॅश-2 या औषध-चाचणीनंतर ही पद्धत रुळली. मार लागल्यापासून 3 तासांच्या आत दिले तरच फायदा होतो. त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने मृत्यूचा धोका वाढू शकतो. हे 3 तास अपघातापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नाही. पालघर किंवा रायगडहून दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्या रुग्णाच्या बाबतीत नेमकी इथेच गल्लत होते. सोबतच्या चिठ्ठीवर पाठवल्याची वेळ असते, अपघाताची नसते.

शुद्धीची पातळी ग्लासगो मापनात (गुण जितके कमी तितकी शुद्ध कमी) नुसता आकडा न लिहिता डोळे, वाचा आणि हालचाल अशी फोड करून लिहावी. एकूण 9 वरून 8 झाले एवढ्यावरून काही कळत नाही. हालचालीचा गुण 5 वरून 4 झाला असेल तर शल्यचिकित्सकाला फोन करायची वेळ आली असे समजावे. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून कमी गुण दारूच्या माथी मारणे ही घातक सवय आहे. डोक्याला मार असलेला प्यायलेला माणूस सीटी स्कॅन होईपर्यंत डोक्याला मार असलेला माणूसच असतो.

कटिबंध कमरेवर बांधला जातो, ही सर्रास दिसणारी चूक. तो मांडीच्या हाडांच्या वरच्या उंचवट्यांच्या पातळीवर यायला हवा. बंध नसेल तर दुमडलेली चादर त्याच जागी आवळून बांधतात. रुग्ण वळवताना किमान चौघे लागतात आणि हुकूम डोके धरणाऱ्याचा चालतो. उघड्या अस्थिभंगात प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात जावा. तुटलेला अवयव सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून कोरड्या पिशवीत घालतात आणि ती पिशवी बर्फात ठेवतात. थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात.

मुंबईत थंडी नाही म्हणून अंगाच्या तापमानाकडे दुर्लक्ष होते. पावसात भिजलेले कपडे, वातानुकूलित खोली आणि फ्रिजमधले रक्त एवढे शरीर 35 अंश सेल्सिअसखाली जायला पुरेसे असते. मग रक्त गोठत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. ओले कपडे लगेच काढणे, कोरडे ब्लँकेट घालणे आणि रक्त वॉर्मरमधून देणे ही कामे परिचारिकेने डॉक्टरांच्या आदेशाची वाट न पाहता करायची.

रक्त आणि अनोळखी रुग्ण

रेल्वे अपघातातले दोन अनोळखी रुग्ण एकाच रात्री येणे मुंबईत नवलाचे नाही. दोघांच्या रक्तनमुन्यांच्या नळ्यांवर नुसते ‘अज्ञात पुरुष’ लिहिले की नमुन्यांची अदलाबदल ठरलेलीच. प्रत्येकाला वेगळा क्रमांक, मनगटपट्टी आणि खाटेशेजारीच चिकटवलेले लेबल हवे. नळ्या आधी गोळा करून टेबलावर लेबल लावणे चालणार नाही. तातडीत ओ गटाचे रक्त सुरू करण्यापूर्वी क्रॉसमॅचचा (रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळते का या तपासणीचा) नमुना काढलेला असलाच पाहिजे. या शहरात त्याला आणखी एक कारण आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट वरवरच्या तपासणीत ओ दिसतो, पण त्या व्यक्तीला ओ गटाचे रक्त चालत नाही. असा रुग्ण विरळा असतो. क्रॉसमॅच केले की तो सापडतो.

मोजणी आणि ऑडिट

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ट्रॉमा उपचारांच्या गुणवत्तावाढीसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. मृत्यू-आढावा बैठका, टाळता येण्याजोग्या मृत्यूंची छाननी आणि ऑडिट फिल्टर ही तिच्यातील मुख्य साधने. फिल्टर म्हणजे आधी ठरवलेला चाळणी-प्रश्न: ग्लासगो 8 किंवा कमी असून श्वासनलिकेत नळी टाकली नाही का? पोटात रक्तस्राव असून शस्त्रक्रियेला तासाहून जास्त वेळ गेला का? पहिल्या तासात नाडी, रक्तदाब आणि श्वासगती लिहिली का? चाळणीत अडकलेली प्रत्येक केस चुकीचीच असते असे नाही. ती फक्त वाचायची असते. केईएम, सायन, दिल्ली आणि कोलकाता येथील रुग्णालयांनी मिळून ‘टिट्को’ ही ट्रॉमा नोंदवही चालवली. अशी नोंदवही आणि तिचे समन्वयन सांभाळणे ही ट्रॉमा परिचारिकेची जगभर मान्य भूमिका आहे.

नोंदवहीचा कच्चा दुवा श्वासगती. वॉर्डच्या तक्त्यावर ओळीने सगळ्यांची श्वासगती 20 दिसली तर ती कोणी मोजलेली नाही असे खुशाल समजावे. रक्तदाब यंत्र सांगते. श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावा लागतो. पण भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असा असताना रात्री एकीवर तीन-चार व्हेंटिलेटर आले, तर दर तासाची नोंद होणे शक्य नसते. तिथे कारणे-दाखवा नोटीस काढून काही साधत नाही. नोटीस आली की नोंदी सुबक होतात, खऱ्या होत नाहीत.

आढावा बैठकीत परिचारिकेने मत मांडण्यापेक्षा वेळापत्रक मांडावे: आगमन 11.42, रक्ताची मागणी 11.50, रक्त हाती 12.55. मधल्या 65 मिनिटांत मामा (वॉर्डबॉय) नमुना घेऊन पायी रक्तपेढीत गेले होते आणि लिफ्ट बंद होती, असे निघाले तर उपाय लिफ्टचा आणि माणसाचा करायचा. दुरुस्ती झाल्यावर तीन महिन्यांनी तोच वेळ पुन्हा मोजतात. हे शेवटचे मोजणे बहुतेक ठिकाणी राहून जाते. मोजताना सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) घ्यावा. एखादा सहा तास रखडलेला रुग्ण सरासरी बिघडवतो.

वॉर्डात

छातीच्या नळीची बाटली कायम छातीच्या पातळीखाली हवी. सीटीला नेताना ती ट्रॉलीवर रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते किंवा नातेवाईक उचलून धरतात, आणि पाणी उलटे छातीत शिरते. नेताना नळीला चिमटा लावून ठेवणेही धोक्याचे, कारण हवा अडकते. एकदम 1500 मिलिलिटर किंवा पुढे ताशी 200 मिलिलिटर रक्त येत राहिले तर शल्यचिकित्सकाला तत्काळ कळवायचे. म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून दर तासाची खूण करतात. मानेच्या कॉलरखाली हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहावी. तिथले दाबव्रण कॉलर काढेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाहीत.

एमएलसी रुग्णाचे कपडे कापताना गोळीच्या किंवा चाकूच्या भोकातून कात्री नेऊ नये. कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात. पोलीस हवालदाराच्या ताब्यात देताना सही घ्यावी.

घरी सोडल्यावर 30 दिवसांनी रुग्ण कसा आहे हे कळले नाही तर नोंदवही अर्धीच राहते. मुंबईत मजूर बरा होताच गावी जातो आणि त्याचा मोबाइल क्रमांक बदलतो. म्हणून भरतीच्या वेळीच दोन क्रमांक घेतात, एक त्याचा आणि एक गावाकडच्या नातेवाइकाचा, आणि दोन्ही लागतात का ते रुग्ण वॉर्डात असतानाच फोन करून पाहतात.