पंचवीसची मॅगझिन का अडकते?

मूठभर खिळे घ्या, एक इंची, रुंद डोक्याचे. सगळी डोकी एका बाजूला करून टेबलावर एकावर एक रचायला लागा. चार-पाच खिळ्यांपर्यंत थप्पी बरी दिसते. पुढं मात्र डोक्यांकडची बाजू उंच होत जाते, टोकांकडची खाली राहते आणि सगळी थप्पी वाकते. शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी हा प्रयोग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर केला. पलीकडं टेक्सासमध्ये माझा भाचा पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलची मॅगझिन, म्हणजे पंचवीस काडतुसं भरायचा डबा, हातात घेऊन बसला होता.

"मामा, ही पंचवीसची हाय, पण सलग पंधरासुद्धा सुटत नाहीत. मधीच अडकती. दुसरी कुठली घेऊ सांग."

मी स्प्रिंगा बनवतो, आणि कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये पॉइंट टू टू चालवलेली आहे. त्यामुळं घरात बंदुकीचा विषय निघाला की तो माझ्याकडं येतो. कोल्हापुरात तो वारंवार निघतोही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. पण या रायफलींत मॅगझिनचा संबंधच येत नाही. नियमानुसार त्या एकेका काडतुसाच्या असतात. प्रत्येक काडतूस हातानं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, ठेवायचं, झाडायचं, पुढचं घ्यायचं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्यात मॅगझिन लागते, पण एका मालिकेत गोळ्या पाचच. दहा किंवा पंचवीस काडतुसांची गरज पडते ती भाच्यासारख्यांना. तिकडं सुट्टीच्या दिवशी लोखंडी पाट्या पाडायच्या स्पर्धा चालतात, त्यात भराभर गोळ्या झाडाव्या लागतात.

आता खिळ्यांकडं परत. पॉइंट टू टूचं काडतूस दिसतं खिळ्यासारखंच. पितळी नळकांडं ५.७ मिलिमीटर जाड आणि बुडाशी ७.१ मिलिमीटरचा काठ. या काठाला रिम म्हणतात. पूर्ण लांबी २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. वजन साधारण सव्वातीन ग्रॅम. रिम नुसती पकडीसाठी असती तर कधीच काढून टाकली असती, पण या काडतुसाची ठिणगीच तिच्यात असते. तयार करताना पेटणारं मिश्रण ओलं असताना नळकांड्यात टाकतात आणि नळकांडं गरागरा फिरवतात. मिश्रण काठाच्या पोकळ घडीत जाऊन बसतं. पुढं बंदुकीची पिन तो काठ चेचते आणि मिश्रण पेटतं. अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं १८५७ साली असं आखूड काडतूस रिव्हॉल्वरसाठी बाजारात आणलं. आज जे सर्रास वापरतात ते लांबट काडतूस १८८७ सालचं. मोठ्या काडतुसांनी पुढं वेगळी टोपी बुडाच्या मधोमध बसवली आणि त्यांची रिम आक्रसत गेली. पॉइंट टू टूला ती सोय नाही. रिम काढली तर काडतूस पेटणारच नाही.

म्हणून मॅगझिन बनवणाऱ्याला हा काठ सांभाळूनच रचना करावी लागते. दोन काडतुसं एकावर एक ठेवली की वरच्याची रिम खालच्याच्या पाठीवर टेकते. मागची बाजू उचलली जाते, पुढची टोकं एकमेकांजवळ राहतात. मापं धरून हिशेब केला तर प्रत्येक काडतुसामागं दीड-दोन अंशांचा कल येतो. पाच काडतुसांत हे जाणवत नाही. दहाला पंधरा-सोळा अंश होतात. पंचवीसला हा आकडा चाळीसच्या आसपास जातो, आणि मग सरळ डबा चालूच शकत नाही. पंचवीसची चांगली मॅगझिन केळ्यासारखी वाकडी असते ती यामुळं. सिनेमात दिसणाऱ्या कलाश्निकोव्हचा वाकही असाच आला आहे. तिथं रिमचा प्रश्न नाही, पण तिचं काडतूस बुडाकडून तोंडाकडं निमुळतं होत जातं.

कल सांभाळला तरी दुसरा घोटाळा राहतोच. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढं असली पाहिजे. ती चुकून मागं राहिली, तर बोल्ट, म्हणजे मागं-पुढं सरकणारा लोखंडी ठोकळा, वरचं काडतूस नळीकडं ढकलताना त्याची रिम खालच्या रिमला अडकते. दोन्ही एकमेकांत गुंततात आणि काम थांबतं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं असलेल्या थ्री नॉट थ्रीलाही रिम होती. तिची मॅगझिन दहाचीच, तरी ती भरताना हीच काळजी घ्यावी लागायची. भाच्याला मी विचारलं, भरतोस कशी? त्याच्या मॅगझिनला बाजूला बटण होतं. बटण खाली ओढलं की स्प्रिंग दबते आणि काडतुसं वरून ओतता येतात. सोय मोठी, पण पोकळीत काडतुसं वाटेल तशी पडतात आणि रिमा उलटसुलट होतात. मी त्याला सांगितलं की बटण फक्त एका काडतुसाइतकं ओढ, एक ठेव, रिम पुढं आहे का बघ, मग दुसरं घे.

मग विषय स्प्रिंगवर आला, आणि इथं मला बोलायचं पुष्कळ आहे.

साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकनं १६७८ साली छापला. जितकी दाबाल तितका जोर, दुप्पट दाबली तर दुप्पट. काडतुसामागं साधारण सहा मिलिमीटर धरा. पंचवीसच्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगला १५० मिलिमीटर हलावं लागतं, दहाच्यात ६०. समजा शेवटचं काडतूस वर रेटायला स्प्रिंग आधीच ६० मिलिमीटर दाबून बसवली आहे. दहाच्या मॅगझिनमध्ये पहिल्या काडतुसावरचा जोर शेवटच्याच्या दुप्पट येईल. पंचवीसच्यात तो साडेतीन पट होईल. दोन्ही टोकांना तोटा आहे. शेवटी जोर कमी पडला की काडतूस वेळेत वर येत नाही, बोल्ट त्याच्या डोक्यावरून निघून जातो किंवा गोळीचं नाक खाली झुकून समोरच्या उतारावर आपटतं. सुरुवातीला जोर जास्त झाला की वरचं काडतूस मॅगझिनच्या ओठांवर, म्हणजे तोंडाशी आत वळलेल्या कडांवर, इतकं घट्ट दाबलं जातं की बोल्टला ते सरकवायला कष्ट पडतात.

आणि या रायफलीच्या बोल्टकडं ताकद फार नसते. गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर, वेग सेकंदाला ३३० मीटर धरला तर तिची ऊर्जा १४० जूलच्या आसपास भरते. अशा रायफलीत बोल्टला कुलूप नसतं. मागं जायचा जोर त्याला रिकाम्या नळकांड्याच्या धक्क्यातून मिळतो आणि परत पुढं त्याला स्वतःची छोटी स्प्रिंग आणते. त्यातला वाटा मॅगझिनच्या घर्षणात गेला की बोल्ट अर्ध्यात थांबतो. म्हणून "कडक स्प्रिंग टाका, अडकायचं बंद होईल" हा सल्ला मला पटत नाही. शेवटचं काडतूस नीट येईल, पहिलं अडकेल.

उपाय आहे, आणि तो सुताराच्या खिशात सापडतो. स्टीलची मोजपट्टी डबीतून ओढताना शेवटपर्यंत जोर फार वाढत नाही, कारण आत पातळ पट्टीची गुंडाळी असते. गुंडाळीची पट्टी सरळ होताना काम करतो तो फक्त उलगडणारा छोटा तुकडा. किती लांबी आधीच बाहेर आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमच्या धंद्यात तिला समजोराची स्प्रिंग म्हणता येईल. रुगर कंपनीच्या १०/२२ रायफलीसाठीची पंचवीसची वाकडी मॅगझिन याच तत्त्वावर चालते आणि तिचे ओठ स्टीलचे आहेत. त्याच रायफलीची १९६४ पासूनची दहाची मॅगझिन मला अभियांत्रिकी म्हणून अजून देखणी वाटते. आत फिरणारं चक्र, चक्राला खाचा, प्रत्येक काडतुसाला स्वतःची खाच. रिमला रिम लागतच नाही, त्यामुळं गुंतायचा प्रश्न उरत नाही. दहावर थांबावं लागतं ही त्याची किंमत आहे, आणि मी ती आनंदानं मोजली असती.

ओठांबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. मॅगझिनच्या तोंडाशी दोन बाजूंना आत वळलेल्या कडा असतात. काडतूस किती वर यावं, कोणत्या कोनात निघावं आणि कधी सुटावं हे त्या ठरवतात. अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा जाणवते. मॅगझिन फरशीवर तोंडावर पडली तर स्टीलचा ओठ वाकतो आणि प्लॅस्टिकचा तुटतो किंवा चिरतो. प्लॅस्टिकला आणखी एक खोड आहे. सतत दाबाखाली ठेवलं की ते हळूहळू सरकतं, पसरतं. "मॅगझिन भरून ठेवली की स्प्रिंग मरते" असं लोक म्हणतात. चांगल्या तारेची आणि नीट मापाची स्प्रिंग दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही. तिला थकवतं ते हजारो वेळा दबणं आणि सुटणं. पण पूर्ण प्लॅस्टिकचे ओठ भरलेल्या मॅगझिनमध्ये महिनोन्‌महिने राहिले तर खरंच उघडतात. म्हणजे मॅगझिन रिकामी ठेवण्याचा सल्ला बरोबर आहे, कारण मात्र वेगळं.

पारदर्शक मॅगझिन दिसायला छान असते, किती काडतुसं उरली ते कळतं. तिचं प्लॅस्टिक पुष्कळदा पॉलिकार्बोनेट असतं आणि काही सॉल्व्हंट लागले की त्याला बारीक चिरा पडतात. बंदूक साफ करायचं औषध तिच्यावर उडू देऊ नका. दोन मॅगझिन उलटसुलट जोडून घेण्याची पद्धतही मला आवडत नाही. जमिनीवर झोपून नेम धरला की खालच्या मॅगझिनचं उघडं तोंड मातीत घुसतं. या काडतुसाची शिशाची गोळी बाहेरून मेणचट असते, तिला धूळ लगेच चिकटते, त्यात न जळालेल्या दारूचे कण मिसळतात आणि आतून राखाडी लेप बसतो. म्हणून घ्यायची ती पटकन खोलता येणारी मॅगझिन घ्यावी. आतून कोरड्या फडक्यानं आणि ब्रशनं पुसावं, तेल ओतू नये. तेल धूळ धरतं, शिवाय काडतुसात झिरपलं तर ठिणगीचं मिश्रणच निकामी करू शकतं. पावसाळ्यात कोल्हापुरात कपाटातल्या चामड्यावर बुरशी येते. इथं कुणाची मॅगझिन असेल तर स्प्रिंग गंजरोधक आहे का तेही पाहावं.

भाचा म्हणाला, "दिवाळीला येताना एक घिऊन येतो, तूच बघ." मी त्याला तिथंच थांबवलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा भागही शस्त्रच धरला आहे, तो परवान्याशिवाय सामानातून आणता येत नाही. तिकडंही काही राज्यांत दहापेक्षा मोठ्या मॅगझिनवर बंदी आहे, तेव्हा दुसऱ्या राज्यात स्पर्धेला जायच्या आधी तिथला कायदा बघ, असंही सांगितलं. फोटो आणि आकडे पाठव म्हटलं, मला तेवढं पुरेल.

आकडे कशाला? समजा शंभरातलं एक काडतूस अडकतं. ऐकायला बरं वाटतं. पण पाचची मॅगझिन न अडकता पूर्ण रिकामी होण्याची शक्यता त्यात ९५ टक्के येते, दहाची ९० आणि पंचवीसची ७८. म्हणजे दर चार-पाच मॅगझिनांत एक खोळंबा. पंचवीसच्या मॅगझिनकडं दहाच्याइतका भरवसा हवा असेल तर तिचं एकेक काडतूस दहाच्यापेक्षा अडीच पट कमी वेळा अडकलं पाहिजे. काम अवघड झालेलं असतं आणि अपेक्षाही वाढलेली असते. म्हणून माझं मत सरळ आहे. चालत असेल तर दहाच्या तीन घ्याव्यात. पंचवीसची लागतच असेल तर रायफल बनवणाऱ्या कंपनीचीच, वाकडी, स्टीलच्या ओठांची.

खात्री करायची तर मोजावं लागतं. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. इतक्या वेळा करून पाहिलं आणि एकदाही बिघडलं नाही, तर तीनला त्या संख्येनं भागा. बिघाडाचं खरं प्रमाण त्याहून जास्त नाही असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. तीनशे काडतुसं न अडकता गेली तर बिघाड एका टक्क्याच्या आत. पन्नास गेली तर फक्त सहा टक्क्यांच्या आत, आणि लोक पन्नासावरच "मस्त चालते" म्हणून मोकळे होतात.

भाच्याकडं चार मॅगझिन होत्या. मी त्याला पांढऱ्या रंगानं त्यांच्यावर १ ते ४ आकडे घालायला लावले आणि वहीत तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. कोणती मॅगझिन, कितवं काडतूस, अडकलं कसं. घरात खरी काडतुसं भरून प्रयोग करायचा नाही, जे काय करायचं ते रेंजवर, नळी निशाणाकडं ठेवून. अडकण्याचं ठिकाण मॅगझिनबरोबर फिरलं तर दोष मॅगझिनचा. चारही मॅगझिनांत सारखंच होत असेल तर रायफल नाहीतर काडतुसं तपासायची. काडतूस चेंबरमध्ये जाऊन पेटलंच नाही, तर रिमवर पिनेचा खड्डा आहे का बघायचा. खड्डा चांगला खोल असेल तर मिश्रण कमी पडलंय, मॅगझिन निर्दोष आहे.

तीन आठवड्यांनी वहीच्या पानाचा फोटो आला. १ आणि ४ मध्ये एकही खोळंबा नाही, दोन्ही स्टीलच्या ओठांच्या. २ मध्ये चार वेळा रिमा गुंतल्या होत्या, सगळ्या पहिल्या दिवशी. बटण सावकाश ओढायला लागल्यापासून एकही नाही. ३ मध्ये सात वेळा, आणि सातही वेळा शेवटच्या पाचांत, गोळीचं नाक खाली. मी त्याला फोन केला आणि ३ नंबरची स्प्रिंग बाहेर काढून नव्या स्प्रिंगशेजारी धरायला सांगितली. ती दोन बोटांनी आखूड होती.