आर्ट थेरपीच्या सेशनमध्ये नेमकं होतं काय?

आर्ट थेरपी म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, एक तर तो ड्रॉइंगचा क्लास असणार, नाहीतर आपण चित्र काढायचं आणि समोरचा ते बघून आपल्या मनातलं सगळं फटाफट ओळखणार. दोन्ही चूक. ही एक थेरपीच आहे, फक्त नुसतं बोलण्याऐवजी रंग, माती, कागद हाताळत मनातलं थेरपिस्टसमोर आणायचं. चित्र कसं आलंय याला इथे मार्क नसतात, आणि काळा म्हणजे डिप्रेशन, लाल म्हणजे राग असला तक्ता नीट शिकलेला कुठलाही थेरपिस्ट वापरत नाही. काळाच खडू हाताशी होता म्हणून काळा वापरला, असंही असतं ना!

पहिलं सेशन बरंचसं बोलण्यातच जातं. कशासाठी आलात, झोप कशी लागते, औषधं चालू आहेत का, आधी कुठे थेरपी घेतलीय का वगैरे. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर कळवावं लागतं, हेही तेव्हाच सांगतात, आणि नाही सांगितलं तर सरळ विचारायचं. वेळ साधारण 45 मिनिटांपासून दीड तासापर्यंत, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा.

खरी गंमत साहित्याच्या निवडीत आहे. पेन्सिल, स्केचपेन या गोष्टी आपल्या मुठीत राहतात, रेघ हवी तिथेच थांबते. वॉटरकलर तसा नाही, तो पसरतो, ओघळतो, आणि ओली माती तर थेट हातालाच चिकटते, त्यामुळे भावना पण पटकन वर येतात. विजा लुसेब्रिंक आणि सँड्रा केगिन या दोन आर्ट थेरपिस्टनी 1978 मध्ये याचं एक मॉडेल मांडलं, त्यात हालचाल आणि स्पर्श, मग आकार आणि भावना, मग विचार आणि प्रतीकं अशा पायऱ्या आहेत, आणि कुठलं साहित्य माणसाला कुठल्या पायरीवर नेतं याचा विचार आहे. म्हणून जो आधीच भावनांनी भरून आलाय त्याच्या हातात पहिल्याच दिवशी वाहते रंग सहसा देत नाहीत, आणि ज्याला कोरा कागद बघूनच धडकी भरते त्याला जुनी मासिकं आणि कात्री देतात, कोलाजमध्ये काही ‘काढावं’ लागत नाही.

समजा माती दिली आणि विषय काहीच दिला नाही. पहिली काही मिनिटं माणूस नुसता मळत बसतो. मग एक भिंत उभी राहते, ती पडते, परत उभी करतो, या वेळी जाड. थेरपिस्ट शांतपणे बघत असतो आणि एवढंच विचारतो, ‘ही भिंत जाड का केलीत? पलीकडे कोण आहे?’ आता बघा, ‘मला भीती वाटते’ म्हणणं अवघड असतं, पण ‘ही भिंत पातळ होती, कुणीही आत आलं असतं’ हे पटकन तोंडातून निघतं, कारण बोलणं टेबलावरच्या वस्तूबद्दल चाललेलं असतं. माझ्या मते आर्ट थेरपीची सगळी मेख इथेच आहे.

‘आर्ट थेरपी’ हे नाव 1942 मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने दिलं, स्वतः टीबीतून बरा होताना त्याला चित्रं काढण्याचा फायदा जाणवला होता.

पण फायदा खरंच होतो का? 2016 च्या एका अमेरिकन अभ्यासात 39 मोठ्या माणसांनी 45 मिनिटं माती, मार्कर, कोलाज यातलं हवं ते केलं, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन, मोजलं, तर सुमारे 75 टक्के लोकांचं कमी झालेलं निघालं, आणि आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. छान आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे लगेच हुरळून जायचं कारण नाही. उलट ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या 417 पेशंट्सवर मोठी ट्रायल झाली, ती 2012 मध्ये छापून आली, त्यात ग्रुप आर्ट थेरपीने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक दिसला नाही, अर्थात बऱ्याच जणांनी फारशी हजेरीच लावली नव्हती. तेव्हा औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, एवढं नक्की.

अजून एक, एखाद्या सेशननंतर बरं वाटण्याऐवजी जड वाटू शकतं, रडू येऊ शकतं. ते पुढच्या वेळी थेरपिस्टला सांगा, आणि जमलं तर त्या दिवशी लगेच महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. चित्रं तुमचीच असतात, पण थेरपी चालू असेपर्यंत बऱ्याचदा थेरपिस्ट ती फाइलमध्ये जपून ठेवतो, कारण शेवटी शेवटी सगळी ओळीने मांडून बघतात आणि काय बदललं ते तिथे दिसतं. मग ती घरी न्या, तिथेच ठेवा किंवा फाडून टाका, फक्त फाडायच्या आधी त्यावर एकदा बोलून घ्या.