वर्ण पाहून औषध द्यावे का?

२३ जून २००५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, बायडिल या गोळीला मान्यता दिली. गोळी हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदय पुरेसे रक्त ढकलू शकत नाही त्या आजारासाठी होती, पण ती फक्त स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या रुग्णांसाठीच असल्याचे मान्यतेत नमूद होते. अशी अट तिथे प्रथमच आली होती.

गोळीत नवे रसायन नव्हते. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि हायड्रॅलाझिन ही दोन जुनी औषधे तिच्यात एकत्र केली होती. दोन्हींमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि थकलेल्या हृदयावरचा भार हलका होतो. सुरुवातीच्या चाचण्यांत गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोन्ही रुग्ण होते. १९९७ मध्ये एफडीएने आकडेवारी अपुरी ठरवून गोळी नाकारली. पुढे तीच आकडेवारी वर्णानुसार वेगळी केली, तेव्हा कृष्णवर्णीयांत फायदा जास्त दिसला. त्या आधारावर नवे पेटंटही मिळाले. जुने २००७ मध्ये संपणार होते, नवे २०२० पर्यंत चालणार होते. संशय येण्यासारखीच ही गोष्ट आहे.

त्यानंतरच्या चाचणीतले सर्व १,०५० रुग्ण कृष्णवर्णीय होते. नेहमीच्या उपचारांसोबत बायडिल घेणाऱ्यांपैकी ६.२ टक्के दगावले, औषध नसलेली, फक्त तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांपैकी १०.२ टक्के. फरक इतका मोठा होता की २००४ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. हा फायदा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण इतर वर्णाचा एकही रुग्ण नसताना गोळी त्यांना किती लागू पडते, हे या चाचणीतून कळणार कसे?

कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र चाचणीला पाठिंबा दिला होता. वर्षानुवर्षे मुख्यतः गोऱ्या रुग्णांवर तपासलेली औषधे सर्वांना दिली गेली. त्या औषधांवर कुणी ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असे लिहिले नाही. या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही वर्ण ही ढोबळ खूण आहे. फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिनमुळे काहींची त्वचा भाजल्यासारखी सोलवटते, प्रसंगी जीव जातो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी असे ४४ रुग्ण तपासले आणि सर्वच्या सर्वांत एचएलए-बी १५०२ हे जनुकरूप सापडले. आता आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी जनुकचाचणी करावी, असे एफडीए सांगते. इथे वंशावरून फक्त चाचणी कुणाची करायची ते ठरते. औषध द्यायचे की नाही, हे चाचणीचा निकाल ठरवतो.

बायडिलच्या चाचणीतील काही रुग्णांची जनुकेही नंतर तपासली गेली. जीएनबी३ या जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्यांना गोळीचा जास्त उपयोग झाल्याचे संकेत मिळाले. हे रूप कृष्णवर्णीयांत अधिक आढळते, पण सर्वांत नाही, आणि ते काही गोऱ्यांतही असते. त्या गोऱ्या रुग्णांना ही गोळी कितपत लागू पडेल, हे बघायला त्यांना चाचणीत घ्यावे लागले असते.