ग्लो ऑफ होप

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे जलरंगातील चित्र. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. हाती दिवा, ज्योतीपुढे दुसऱ्या हाताचा आडोसा, साडी नेसून उभी असलेली स्त्री, एवढाच विषय. चित्रासाठी हळदणकरांची कन्या उभी राहिली होती. रचनाकाळ बहुधा १९४५–४६. याआधीची सालेही छापून आलेली आढळतात.

हे चित्र राजा रविवर्मा यांचे असल्याचा समज अजून पुरता गेलेला नाही. रविवर्म्यांनी म्हैसूर दरबारासाठी काम केले होते, त्यांची चित्रे याच संग्रहात आहेत आणि साडीतली स्त्री म्हटली की त्यांचेच नाव आधी ओठांवर येते. कर्तृत्वाचा घोळ यातूनच झाला असावा. मात्र रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. त्यांची ख्याती तैलरंगांची. हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि जलरंगांवर विशेष हुकमत असलेले. माध्यमाचा पुरावा येथे सालाइतकाच बोलका आहे.

तैलरंगात उजेड शेवटी, अंधारावर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात क्रम उलटा: ज्योतीचा गाभा म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. त्याभोवती आधी पातळ पिवळा, मग नारिंगी, मग तांबूस हात द्यायचा. पार्श्वभूमीचा काळोख नुसत्या काळ्याने केला तर निर्जीव दिसतो. निळा आणि भाजका तपकिरी यांचे थर, प्रत्येक थर पुरता वाळल्यावर, एकावर एक द्यावे लागतात. अर्धवट ओल्या थरावर पाणीदार कुंचला टेकला की फुलकोबीसारखा कंगोरेदार डाग उमटतो; घासून काढू पाहावे तर खालचा रंग सुटून सगळे मातकट होते. खरी कसोटी आडोशाच्या तळहाताची. बोटांच्या कडांतून आणि फटींतून प्रकाश तांबडा पाझरतो, मधला भाग त्यामानाने गडद राहतो. हा फरक चुकला तर हात मातीचा वाटतो. एकही चूक न होऊ देता जलरंगात चित्र पुरे करून दाखवायचे, असे हळदणकरांनी ठरवले होते, असे सांगतात.

प्रतीक शीर्षकातच आहे, चित्रात ते कोठेही ठळक केलेले नाही. वाऱ्यापासून दिवा जपणे ही तिन्हीसांजेची साधी हालचाल. दिवा ‘विझला’ न म्हणता ‘मालवला’ म्हणणाऱ्या घरात आशेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

चित्र अंधाऱ्या जागी पाहिले की दिवा खरोखर उजळतो, असे पर्यटकांना सांगितले जाते. हा परिणाम छटांच्या उतरंडीचा आहे. मंद उजेड जलरंगांना मात्र मानवतो. प्रखर प्रकाशात नाजूक तांबडे रंग सर्वांत आधी उडतात.