तुमचा माल कोणत्या जहाजातून जातो, आणि त्याने काय फरक पडतो

हे पत्रक आमच्याकडे माल परदेशी पाठवण्यासाठी येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे: वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागातले संत्रा बागायतदार, जिनिंग-प्रेसिंगवाले, गोंदिया-भंडाऱ्याकडचे राइसमिलवाले आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक. आमची फॉरवर्डिंगची लहान पेढी आहे. जहाजात जागा बुक करणं, कागदपत्रं, कस्टम क्लिअरिंग, ट्रेलरची व्यवस्था ही आमची कामं. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर असल्यामुळे जहाजाचा विचार करायची सवय आपल्याकडे कोणाला नाही. "माल बोटीत चढला म्हंजे आपलं काम झालं ना, भाऊ?" हा प्रश्न आम्हाला दर हंगामात ऐकू येतो. आमचं सांगणं इतकंच की बंदरावर जे नुकसान उघडकीस येतं, त्यातलं बरंचसं इथल्या पॅकहाऊसमध्ये, जिनिंगच्या शेडमध्ये नाहीतर गोदामात आधीच ठरून गेलेलं असतं. कोणत्या मालाला कोणतं जहाज लागतं आणि त्या जहाजात काय घडतं हे कळलं, तर कंटेनरचं दार लावण्याआधी काय करायचं तेही कळतं.

संत्र्यासाठी: रीफर कंटेनर

पूर्वी फळं आणि मांस नेण्यासाठी अख्खं जहाजच थंड ठेवलेलं असे. १८८२ साली 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं, तिथून हा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. अशी जहाजं आजही आहेत, पण कमी होत चालली आहेत. त्यांची जागा रीफर, म्हणजे थंडीचं मशीन बसवलेल्या, कंटेनरने घेतली. साध्या कंटेनरच्या जहाजावर विजेचे प्लग असतात, त्यांना हे कंटेनर जोडतात आणि प्रत्येक कंटेनरचं मशीन स्वतंत्र चालतं. म्हणजे तुमच्या एका कंटेनरपुरतं थंड जहाज तुम्हाला मिळतं.

हे मशीन थंड झालेलं फळ थंड ठेवतं. बागेतून आलेलं गरम फळ थंड करण्याएवढी ताकद त्याच्यात नसते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर अर्धं नुकसान टळेल. फळ तोडल्यावरही श्वास घेत राहतं, उष्णता सोडतं. दुपारच्या उन्हात तोडलेला, कॅरेटमध्ये तापलेला माल पॅक करून सरळ कंटेनरमध्ये भरला, तर मशीन दिवसरात्र धावतं आणि मधल्या थरातली फळं तरीही गरमच राहतात. मग बुरशी धरते. म्हणून आधी प्रीकूलिंग, मगच लोडिंग. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची शिफारस नागपुरी संत्र्यासाठी ६ ते ७ अंश सेल्सिअस आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेची आहे. 'जास्त थंड ठेवा, जास्त टिकेल' असं काही ग्राहक आग्रहाने सांगतात. तसं करू नका. संत्र्याला अतिथंडी बाधते, सालीवर खड्डे आणि डाग पडतात, आणि ते बरेचदा माल बाहेर काढल्यावर दिसतात.

आता भरण्याबद्दल. रीफरच्या फरशीवर ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या असतात. थंड हवा त्यांच्या मधल्या फटींतून येते, खोक्यांमधून वर चढते आणि छताजवळून मशीनकडे परत जाते. या वाटेत अडथळा आला की सगळा खेळ बिघडतो. खोक्याची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत. भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर एकही खोकं चढवायचं नाही. फरशीचा जो भाग रिकामा राहील तो पुठ्ठ्याने झाकायचा, नाहीतर हवा सोपी वाट शोधते आणि तिथूनच निघून जाते. लोडिंग चालू असताना, दार उघडं असताना मशीन चालवू नका. बाहेरची दमट हवा आत खेचली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो. तोडाही हाताने ओढून करू नका, कात्रीने देठ आखूड कापा. ओढलेल्या फळाची साल देठाजवळ फाटते आणि सडण्याची सुरुवात तिथूनच होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या पुढाकाराने नागपुरी संत्र्यांचा रीफर कंटेनर समुद्रमार्गे दुबईला रवाना झाला. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून आखाताकडे पाहणारे बागायतदार वाढले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण बांगलादेशाला ट्रकने माल घालण्याची पद्धत आखातात चालणार नाही. तिकडे काही टक्के खराबा गृहीत धरलेला असतो. आखातात खोकं उघडून तपासणारा खरेदीदार असतो आणि माल नाकारला तर तो परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आंबिया बहाराचा माल असो की मृगाचा, एकाच आकाराची, एकाच रंगाची फळं निवडण्याइतका माल हाताशी असेल तरच रीफर बुक करा. दोन-चार बागायतदारांनी मिळून कंटेनर भरणार असाल तर ग्रेडिंग एकाच जागी होऊ द्या.

५ जून २०२५ पासून नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला आहे, तरी बंदरापर्यंतच्या वाटेत तापमानावर लक्ष हवंच. रीफरच्या ट्रेलरला जनरेटर लावलेला असतो, तो वाटेत बंद पडला तर डेटा लॉगरमध्ये तापमानाची चढउतार दिसते. लॉगर आम्ही प्रत्येक कंटेनरमध्ये ठेवतो. उद्या वाद झाला तर तोच तुमचा साक्षीदार.

कापूस आणि इतर सुका माल: साधा कंटेनर

एकसारख्या मापाच्या लोखंडी पेट्या जहाजावर रचायची ही पद्धत अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने रूढ केली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. आजची सर्वांत मोठी जहाजं वीस फुटी मापाचे २४,००० च्या वर कंटेनर नेतात. मात्र पेटी तीच, लोखंडाची, आणि लोखंडाला घाम फुटतो. दिवसा पेटी तापते, आतल्या मालातला आणि लाकडातला ओलावा हवेत येतो, रात्री छत थंड पडलं की तो थेंब होऊन खाली टपकतो. बाहेर पाऊस नसतानाही माल भिजतो तो असा.

त्यामुळे गाठी बांधताना रुईतला ओलावा पाहा. भाव वजनावर मिळतो म्हणून पाणी मारलेला कापूस आमच्याकडे आणू नका. ओली रुई आणि तेल लागलेली रुई स्वतःहून तापून पेट घेऊ शकते, म्हणून समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ती धोकादायक माल मानली जाते. प्रेसच्या मशीनचं तेल लागलेल्या गाठी वेगळ्या काढा. रिकामा कंटेनर आला की एका माणसाने आत जाऊन दार लावून घ्यावं आणि कुठून उजेड येतो का पाहावं. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार. लाकडी पॅलेट वापरत असाल तर उष्णता देऊन निर्जंतुक केल्याचा ठसा त्यावर हवाच. ५६ अंशांवर ३० मिनिटं, हा त्याचा नियम आहे. ठसा नसलेल्या एका पॅलेटपायी पलीकडचं बंदर अख्खा कंटेनर अडवतं.

लोणारी कोळसा पाठवणाऱ्यांसाठी: १ जानेवारी २०२६ पासून तो कोणत्याही सवलतीशिवाय धोकादायक माल म्हणूनच बुक करावा लागतो.

तांदूळ, पेंड, खत: मोकळ्या मालाची जहाजं

उसना तांदूळ आफ्रिकेकडे जातो तेव्हा बराचसा कंटेनरमध्ये न जाता पोत्यांनी जहाजाच्या पोटात रचला जातो. काकीनाडा हे या कामाचं मोठं बंदर. पाऊस सुरू झाला की झाकणं बंद, काम बंद. जहाज ठरल्यापेक्षा जास्त दिवस थांबलं तर त्याचा दंड लागतो, आणि तो कोणी भरायचा हे करारात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तो मजकूर आमच्याकडून मराठीत समजून घ्या.

सोयाबीनची पेंड, म्हणजे डीओसी, मोठ्या प्रमाणावर गेली तर बल्क कॅरिअरमध्ये सुटी ओततात. तिच्यात तेल आणि ओलावा ठरल्यापेक्षा जास्त राहिला तर ढीग आतल्या आत तापतो, आणि भर समुद्रात तो विझवणं फार अवघड असतं. म्हणून लॅबचा दाखला मागितला जातो.

अशाच जहाजांनी आपल्याकडे खत येतं. पोटॅश तर भारत सगळाच्या सगळा आयात करतो. पनामॅक्स म्हणून ओळखलं जाणारं एक जहाज ६५ ते ८० हजार टन माल आणतं, रेल्वेच्या एका रेकमध्ये जेमतेम काही हजार टन बसतो. पेरणीच्या तोंडावर 'जहाज लागलं आहे' अशी बातमी येऊनही कृषी केंद्रावर पोतं का दिसत नाही, त्याचं एक कारण या दोन आकड्यांत आहे.

तेलाची टँकर जहाजं तुमचा माल नेत नाहीत, पण तुमच्या सोयाबीनचा भाव हलवतात. इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, अर्जेंटिनाचं सोयातेल यांतूनच येतं. पामतेल गोठू नये म्हणून टाक्यांत गरम नळ्या फिरवलेल्या असतात. १ जानेवारी २००७ पासून खाद्यतेलाला साधं टँकर चालत नाही, ठरावीक दर्जाचं रसायनवाहू जहाज लागतं. स्वयंपाकाच्या गॅसची जहाजं वेगळी, आणि उणे १६२ अंशांवर द्रव केलेला नैसर्गिक वायू नेणारी त्याहून वेगळी.

भाडं आणि दिवस का बदलतात

गेल्या काही वर्षांत दिलेला दर पंधरवड्यात बदलला म्हणून आमचे काही ग्राहक नाराज झाले. त्यांची नाराजी समजते, म्हणून कारणं मांडतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्यात साधारण १० ते १४ दिवस वाढतात. संत्र्यासारख्या मालाला हे परवडत नाही. दुबईला जाताना तांबडा समुद्र लागत नाही, पण तिथलं जेबेल अली बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. तिथे तणाव वाढला की विम्याचा हप्ता आणि भाडं दोन्ही चढतात.

दुसरं कारण इंधन. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. स्वच्छ इंधन महाग असतं आणि तो फरक भाड्याच्या बिलात वेगळ्या ओळीत येतो. युरोपियन संघाने २०२४ पासून जहाजांच्या कार्बनवरही आकारणी लावली आहे. मिथेनॉलवर चालणारी कंटेनर जहाजं धावू लागली आहेत, आणि २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' या बल्क कॅरिअरवर पोलादाची उंच शिडं बसवून चीनहून ब्राझीलपर्यंत नेऊन पाहिलं. वाऱ्याचा उपयोग पुन्हा होतो आहे ही आम्हाला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते.

बंदरंही बदलत आहेत. केरळच्या विळिंजम बंदराचं औपचारिक उद्घाटन मे २०२५ मध्ये झालं. मोठी जहाजं थेट तिथे लागतात, त्यामुळे आपले कंटेनर कोलंबोला उतरवून दुसऱ्या जहाजात चढवण्याची गरज कमी होत जाईल. पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली आहे. ते बांधून होईपर्यंत आपलं बंदर न्हावाशेवाच.

कायदेही नवे झाले आहेत. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजासाठी ताब्यात घेतल्याची जहाज कंपनीची पावती, तिचा १८५६ चा कायदा २०२५ मध्ये बदलला. तुमच्या हातात येणारा हा कागद जपून ठेवा, माल त्याच्यावरच सुटतो. आणि १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. धर्मकाट्याची पावती अंदाजाने बनवून आणू नका. वरच्या पेट्यांचं वजन चुकलं तर जहाजाचा तोल जातो.

विमा: हे जरूर वाचा

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात अडकलं. सहा दिवसांत ते सुटलं, पण इजिप्तने ते जुलैपर्यंत रोखून ठेवलं. मालकांनी 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं. जहाज आणि माल दोन्ही वाचवण्यासाठी जो खर्च किंवा जी हानी सोसावी लागते, ती जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घेतात, हा समुद्रावरचा फार जुना रिवाज आहे. तुमच्या पेटीला ओरखडाही आला नसला तरी हमी किंवा रक्कम भरल्याशिवाय ती सुटत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर तुम्हाला द्यावी लागते.

२५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ सुमारे ६४० कंटेनर घेऊन बुडालं. काही कंटेनरमध्ये कॅल्शियम कार्बाइड होतं, जे पाणी लागताच ज्वलनशील वायू सोडतं. जहाज कंपनीची जबाबदारी कायद्याने दर नगाला किंवा दर किलोला मर्यादित असते, त्यामुळे पूर्ण किंमत तिच्याकडून मिळेल असं धरून चालू नका.

विम्याचे ए, बी, सी असे तीन प्रकार मिळतात. ए सर्वांत व्यापक, आणि कापूस, तांदूळ, संत्रा तिन्हींसाठी आम्ही तोच सुचवतो. तरी त्यातही काही गोष्टी येत नाहीत. त्यातल्या दोन लक्षात ठेवा: निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान, आणि मालाच्या अंगच्या दोषाने झालेलं नुकसान. गरम भरलेली संत्री सडली तर दावा बसत नाही. युद्ध आणि संप यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आखाताकडे माल जात असेल तर ते घ्याच.

बुकिंगला येताना मालाचा नेमका प्रकार, अंदाजे वजन, तोड्याची किंवा पॅकिंगची तारीख, खरेदीदाराची ऑर्डर आणि पैसे कसे मिळणार याचा कागद सोबत आणा. पेटीत काय आहे ते जसंच्या तसं सांगा, नवं काही घातलं असेल तर तेही. रीफरसाठी जागा आंबियाच्या हंगामात लवकर भरते, म्हणून तोड्याच्या किमान तीन आठवडे आधी या. पहिल्यांदा माल पाठवणाऱ्यांच्या लोडिंगच्या दिवशी आमचा माणूस पॅकहाऊसवर हजर असतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.