श्वास चालू ठेवणारी भूल

गुदमरत असलेला माणूसच तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतो, हे कॅज्युअल्टीत नवीन नाही. नातेवाईक हात धरतात, नर्स समजावते, मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८४ टक्क्यांवरून ८० वर येतो. तो हट्ट करत नसतो. मेंदूलाच ऑक्सिजन कमी पडलेला, समजूत कुणाची घालणार?

अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालायची, तर त्याला बेशुद्ध करून स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं. त्या औषधानं श्वासही थांबतो. मग नळी आत सरकेपर्यंत शरीर जगतं ते फुप्फुसातल्या शिलकीवर. एरवी त्या शिलकीत बहुतांश नायट्रोजनच असतो. म्हणून आधी सुमारे ३ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देऊन हा नायट्रोजन बाहेर घालवतात. धडधाकट माणसाला त्यामुळे काही मिनिटांची सवड मिळते. मास्क झिडकारणाऱ्याच्या खात्यात मात्र काहीच जमा होत नाही. झोपेचं नेहमीचं औषध द्यावं, तर श्वास मंदावायची भीती.

इथे केटामाइन कामाला येतं. मेंदूच्या पेशींवर ग्लुटामेट या रसायनाचे निरोप घेणारे एनएमडीए नावाचे ग्राही असतात. केटामाइन ते अडवतं. रुग्णाचे डोळे उघडे, बुबुळं हलकेच हलताहेत, पण माणूस तिथे नाही. वेदना, भीती, भोवतालचा गोंधळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. छातीचा भाता मात्र चालूच. बहुतेकदा रक्तदाबही टिकतो, उलट थोडा चढतोच.

हे औषध कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केलं. १९६४ मध्ये एडवर्ड डोमिनो आणि ग्युंटर कॉर्सन यांनी ते अमेरिकेतल्या मिशिगनच्या तुरुंगात कैद्यांवर पहिल्यांदा वापरलं. (आज अशा चाचणीला कुठलीही नैतिकता समिती सहजासहजी परवानगी देणार नाही.) हातपाय आपले वाटत नाहीत, तरंगल्यासारखं होतं, असं ते कैदी सांगत. हे ऐकून डोमिनोंच्या पत्नी टोनी यांनी ‘डिसोसिएटिव्ह’, म्हणजे तुटलेपणाची भूल, हा शब्द सुचवला. तोच रूढ झाला.

२०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक यांना पाण्याखालून बाहेर काढताना ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी केटामाइनच निवडलं. तोंडावर मास्क बांधलेला, हात मागे बांधलेले, आणि श्वास मात्र ज्याचा त्याने घ्यायचा. वाटेत भूल उतरू लागली की पाणबुडे पुन्हा इंजेक्शन देत.

कॅज्युअल्टीतली युक्ती याच गुणावर उभी आहे. सावकाश, किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम केटामाइन शिरेतून द्यायचं. रुग्ण शांत होतो, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो, आणि शिल्लक भरली की मगच स्नायू सैल करायचे. अमेरिकेतले तातडीच्या उपचारांचे डॉक्टर स्कॉट वाइनगार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा ६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनची सरासरी ८९.९ टक्क्यांवरून ९८.८ टक्क्यांवर गेली होती. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरायला नको. तरी नुसते हात धरून ठेवण्यापेक्षा ही वाट शहाणपणाची, असं मला वाटतं.

औषध बिनधोक मात्र नाही. घाईनं टोचलं तर थोडा वेळ श्वास थांबू शकतो. लाळ सुटते, क्वचित स्वरयंत्र आवळतं. फार वेळ शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत असलेल्या, शरीराची राखीव ताकद संपलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढण्याऐवजी कोसळू शकतो. म्हणून नळी, लाळ ओढून घेणारं सक्शन यंत्र आणि ते वापरणारे हात शेजारी तयार असल्याशिवाय पहिला थेंबही द्यायचा नसतो.

दम्याच्या रुग्णांत कधी कधी वेगळंच घडतं. केटामाइन आवळलेल्या श्वासवाहिन्याही सैल करतं. रुग्ण शांत झाला, मास्क बसला, छातीतली घरघर उतरली, की काही वेळा काढून ठेवलेली नळी तशीच पाकिटात राहते.